वीतभर उंचीवरचा उजेड

उजेडाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवावं, हे वयाच्या साठीपर्यंत मला मान्य नव्हतं. वणीजवळच्या एका भूमिगत कोळसा खाणीत मी एकतीस वर्षं लॅम्प केबिनमध्ये काम केलं. खाली उतरणाऱ्या माणसाच्या टोपीला जो दिवा असतो, तो चार्ज करायचा, तपासायचा, खिडकीतून त्याच्या हातात द्यायचा आणि पाळी सुटली की परत घ्यायचा, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण खाली सूर्य नसतो, आणि ज्याचा दिवा गेला त्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. त्यामुळे लोक मला मान द्यायचे, आणि मी तो मान जरा जास्तच मनावर घेतला होता.

केबिनच्या समोरच्या भिंतीवर मी ताटाएवढा काळा गोल काढून ठेवला होता. प्रत्येक दिवा दहा पावलांवरून त्या गोलावर मारायचा. उजेड गोलात मावला आणि त्याची कड धारदार दिसली की दिवा पास. पसरला, फिका पडला, की बाजूला. अंधारात चालणाऱ्याला लांबचं दिसलं पाहिजे, पसरट उजेड त्याच्या कामाचा नाही. हे माझं शास्त्र होतं आणि एकतीस वर्षांत ते एकदाही चुकलं नाही.

दुसरा नियम बिल्ल्यांचा. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर. खाली जाताना माणूस बिल्ला माझ्याकडे द्यायचा आणि त्या नंबरचा दिवा घ्यायचा. दिव्याच्या रिकाम्या खुंटीवर मी बिल्ला अडकवायचो. वर आला की त्याने दिवा द्यायचा, मी बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवायचा. खुंटीवर बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस अजून खाली आहे. शेवटचा बिल्ला निघेपर्यंत मी केबिनमधून हलायचो नाही, दुसरा कामगार पाळीवर आला असला तरी. माझ्या बायकोने यापायी किती जेवणं थंड केली, ते तिलाच माहीत. ती म्हणायची, "तुमचं लगीन माह्याशी नाही, त्या खुंट्यांशी लागलं."

ती राळेगावकडची, शेतातली. खाणीच्या कॉलनीत आमच्या क्वार्टरमागे चार हात जागा होती, तिथे तिने काय नाही लावलं. मेथी, पालक, वाल, मिरच्या, आणि सांभार तर बारा महिने. सांभार म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. वरणात घालायच्या आधी मागच्या दाराने जाऊन चार काड्या तोडून आणायची, तिची ती सवयच होती. विकतचा सांभार तिला कधी पटला नाही. "बाजारातल्या सांभाराले वास असते, चव नसते," असं तिचं मत.

मी निवृत्त झालो, क्वार्टर सोडलं, आणि आयुष्यभराच्या फंडातून वणीत एक फ्लॅट घेतला. दुसरा मजला, दोन खोल्या, बाल्कनी. घेताना मी नळाची धार पाहिली, वायरिंग पाहिलं, मीटर पाहिलं. समोरच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात, हे तेवढं पाहिलं नाही. पाहिलं असेलही, पण कोळशाची धूळ म्हणजे आमच्या घरचाच पाहुणा, तिचं काय एवढं, असं वाटलं असेल.

दोन वर्षांत बाल्कनीतलं एकेक रोप गेलं. सकाळी पुसलेलं पान दुपारी काळं व्हायचं. मग बायकोच्या छातीत घरघर सुरू झाली. खिडक्या बंद, बाल्कनीचं दार बंद, दारांच्या फटीत ओली फडकी. ती दिवसभर ट्यूबलाइटच्या उजेडात बसायची, टीव्हीकडे तोंड करून, पण पाहत नसायची. पोळ्याच्या दिवशी पुरणाचं ताट पुढ्यात ठेवून ती शांतपणे म्हणाली, "या घरात काही उगवत नाही. मी बी वाळून राह्यली. भाऊबीजेले राळेगावले जाईन, ते आता राहालेच जाईन. भावानं मागची खोली देतो म्हटलं."

मी विचारलं, "अन् मी?"

"तुम्हीबी चला."

ते मला जमण्यासारखं नव्हतं. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. त्यातून मी जावई. सासुरवाडीच्या मागच्या खोलीत म्हातारपण काढायचं? मी ताटावरून उठलो. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. या बंद खिडक्यांच्या घरात मी एकटा काय करणार होतो? पोळा ते भाऊबीज, म्हणजे दोन सव्वादोन महिने माझ्या हातात होते.

घरातच दिव्याखाली भाजी वाढवतात, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. बस, मला कुणाला विचारायची गरज नव्हती. उजेड माझा विषय. बाजारात गेलो आणि विजेच्या दुकानदाराला सगळे एलईडी दिवे एकामागून एक लावायला लावले. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर मी ते मारून पाहिले. गोल तर नव्हता, पण मी मनात काढला. ज्याचा उजेड सगळ्यात धारदार, सगळ्यात लांब जाणारा, तो फोकस दिवा निवडला. दुकानदार म्हणाला, "काका, हा तं मंदिराच्या कळसावर मारतात." मी म्हटलं, "म्हणजे चांगलाच असेल."

घरी लोखंडी रॅक होता. त्यावर दोन ट्रे ठेवून बायकोला मेथी पेरायला सांगितली. तिने पेरली. वरून मी फोकस बांधला. चौथ्या दिवशी मेथी वर आली आणि माझी छाती फुगली. दहाव्या दिवशी ट्रेच्या मधोमध ताटाएवढा गोल करपला होता. गोलाबाहेरची रोपं सुतासारखी लांब होऊन मधल्या उजेडाकडे वाकली आणि आडवी पडली. बायकोने ट्रे पाहिला. "याले ऊन नाही म्हणत," ती म्हणाली, "याले डागणी म्हणतात."

आणखी एक भांडण त्या दिव्यावरून रोज चालायचं. लॅम्प केबिन चोवीस तास उजळ असते, ती अंधारी मी कधी पाहिली नाही. म्हणून दिवाही मी चोवीस तास चालू ठेवला, जितका उजेड तितकी वाढ. ती मात्र देवापाशी सांजवात लावली की जाऊन बटण बंद करायची. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, ते झोपतं, ही तिच्या माहेरची शिकवण. मी जाऊन पुन्हा चालू करायचो. ती पुन्हा बंद करायची. नुसतं बटण वाजायचं.

मग मी मोबाइलवरून दुसरा दिवा मागवला. खास झाडांसाठीचा, लाल आणि निळ्या ठिपक्यांचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात हजार वॅट लिहिलं होतं. तोवर तिने ट्रेमध्ये पालक पेरला होता. त्यावर दिवा लावला आणि सगळी खोली जांभळी झाली. शेजारच्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं, "भाऊ, डीजे आणला काय?" मी जुना मीटर काढून त्याला लावला. दिवा खात होता पन्नास वॅटच्या आसपास. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी खोक्यावर लिहिलेला शब्दन् शब्द मोठ्याने वाचून बायकोला ऐकवला आणि कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. ती रॅकपाशी चष्मा लावून उभी होती.

"मले हे सांगा," ती म्हणाली, "यात पान हिरवं हाय का पिवळं, कसं ओळखू? सगळंच वांग्यासारखं दिसते."

मी म्हटलं, झाडाला कळतं, आपल्याला कशाला कळायला पाहिजे. आठ दिवसांनी वीज गेली तेव्हा टॉर्चच्या उजेडात कळलं. पालक मुळापासून पिवळा पडून सडत आला होता. पाणी जास्त झालेलं तिने एरवी पान पाहूनच ओळखलं असतं. तिने ट्रे उचलला, मोरीत रिकामा केला, धुतला आणि उपडा घातला. उपडा घातलेला तो ट्रे पाहून मला फार वाईट वाटलं. खाणीत माझ्या हातून एकही दिवा विझला नव्हता, आणि घरात माझ्या उजेडाखाली एक पानही टिकत नव्हतं.

कोजागरीच्या सुमारास तिला यवतमाळला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पंप दिला, औषधं दिली आणि विचारलं, "बाईंना मोकळ्या हवेत कुठं राहता येईल का?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या छातीच्या चित्राकडे पाहत राहिलो.

परत येताना, रिक्षाने एसटी स्टँडकडे जाताना तिला रस्त्याकडेची रोपवाटिका दिसली. तिने रिक्षा थांबवायला लावली. रोपवाटिका एक बाई चालवत होत्या, चाळिशीच्या, हाताला मातीच. त्यांच्या शेडच्या टोकाला एक खोली होती, तिच्यात रॅकवर रोपांचे ट्रे आणि ट्रेवर पांढऱ्या उजेडाच्या साध्या नळ्या. मी तर पाहतच राहिलो. त्या नळ्या दिसायला इतक्या मवाळ होत्या की माझ्या भिंतीवरच्या परीक्षेत एकही पास झाली नसती. खालची रोपं मात्र ताठ, बुटकी आणि गर्द हिरवी होती.

बायकोने त्यांना सगळं सांगितलं, फोकस, डागणी, जांभळा उजेड, काहीही न लपवता. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी मला विचारलं, "काका, तुम्ही नोकरी कुठं केली?"

मी सांगितलं.

"मंग बरोबर हाय. तुम्ही खाणीतला दिवा लावला. खाणीतला माणूस चालते, म्हून त्याचा उजेड दूर गेला पाहिजे. झाड कुठं चालून राह्यलं? ते जिथल्या तिथं बसून आहे. त्याले उजेड जवळ पाहिजे अन् साऱ्या पानांवर सारखा पाहिजे."

मग त्यांनी माझा हात धरून नळीखाली, पानांच्या उंचीवर, उपडा ठेवला. "हाताची मागची बाजू तापली तं नळी वर घ्या. नाही तापली तं वीतभर उंचीवर राहू द्या. पांढराच उजेड घ्या, पान जसं आहे तसं दिसते. खोक्यावरचा आकडा पाहू नका, तुमच्यापाशी मीटर हाय तं तोच पाहा. अन् दिवसाचे चौदा तास, मंग बंद. झाडालेबी झोप लागते."

बायकोने माझ्याकडे पाहून, बटण बंद करावं तसं हवेतच बोट दाबलं. वणीपर्यंत बसमध्येही दोनदा. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्या दुकानदाराकडे जाऊन पांढऱ्या उजेडाच्या चार नळ्या आणल्या. या वेळी भिंतीवर मारून पाहिल्या नाहीत. पानाच्या जागी माझा हात ठेवून पाहिला, ट्रेच्या मध्ये आणि चारही कोपऱ्यांत. उजेड सगळीकडे सारखा पडत होता. रॅकला हुक लावले, हुकात साखळ्या, म्हणजे रोपं वाढतील तशा नळ्या वर घेता येतील. पहाटे लागून सांजवातीला बंद होणारं टायमरचं बटण बसवलं. तिने ते बटण दोनदा हात लावून पाहिलं. "म्हणजे आता भांडाले काही उरलं नाही," ती म्हणाली.

तिने धणे घेतले, फरशीवर पसरले, वाटीच्या बुडाने हलके रगडून त्यांच्या दोन-दोन फाका केल्या आणि रात्रभर भिजवून पेरले. मी रोज सकाळी केबिनमध्ये दिव्यांच्या काचा पुसायचो तशा नळ्या पुसू लागलो, कारण बंद खिडक्यांतूनही धूळ यायचीच. दहा दिवस ट्रेमध्ये नुसती माती होती. अकराव्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. मातीतून आकड्यासारखे वाकलेले हिरवे कोंब वर आले होते, सगळ्या ट्रेभर, मध्येही आणि कोपऱ्यांतही. ती खुर्ची ओढून तिथेच बसली आणि टीव्ही त्या दिवशी लागलाच नाही.

पण पिशवी तिने भरलीच. भाऊबीजेला बहिणीने जायचं हे ठरलेलं, त्याला मी काय म्हणणार? फक्त पिशवी नेहमीपेक्षा मोठी होती. त्यात शाल होती, पंप होता, सगळी औषधं होती. परत कधी येणार, हे मी विचारलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी तिला एसटीत बसवलं. तिने खिडकीतून सांगितलं, "पाणी हाताने शिंपडा, मग्यानं ओतू नका." गाडी निघाली.

घरी आलो. दार उघडलं तर नळ्या लागलेल्या होत्या, सांभाराला बारीक दुसरं पान फुटत होतं. मी नळ्या पुसायला फडकं घेतलं आणि हात थांबला. रॅकला मी एक हुक जास्तीचा लावला होता, तो रिकामाच होता. त्या हुकावर पितळी बिल्ला लटकत होता.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाची आठवण म्हणून मला मिळालेला तो बिल्ला. तेव्हापासून सुईदोऱ्याच्या डब्यात पडून होता. तो आपोआप हुकावर चढणार नव्हता. मी फडकं खांद्यावर टाकलं, तिच्या खुर्चीवर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. ज्या नियमापायी तिने तीस वर्षं थंड जेवण केलं, त्याच नियमाने ती मला सांगून गेली होती, की माणूस खाली गेला आहे, केबिन सोडू नका. मला रडू आलं. सांगायला लाज कसली.

पुढचे दिवस मी पाळी लावल्यासारखे काढले. सकाळी नळ्या पुसायच्या, उपडा हात पानांवर धरायचा, पाणी शिंपडायचं, साखळीची एक कडी वर घ्यायची. दुपारी तिचा फोन यायचा. "इथं छाती मोकळी आहे," ती म्हणायची, आणि माझी नजर बिल्ल्याकडे जायची. डॉक्टरांचं म्हणणं खरंच होतं. बिल्ला लटकत असला म्हणून राळेगावची हवा वाईट होत नाही. मग ती विचारायची, "पानं कशी हायेत?" मी फोटो पाठवायचो. पांढऱ्या उजेडात पान जसं आहे तसंच दिसायचं, आणि ती तिकडून सांगायची, डाव्या कोपऱ्यात पाणी कमी पडून राह्यलं. ते खरं असायचं.

एका फोनवर मी शेवटी मनाचा हिय्या केला. म्हटलं, "हे पाह्य, उन्हाळ्यात धूळ फार उडते. ते चार महिने तुह्या भावाच्या मागच्या खोलीत राहू. दोघंही. रॅकही घेऊन जाऊ."

ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी अक्कल जाते ना पाहुण्याची?"

"गेली तं गेली," मी म्हटलं. "उजेडाच्या बाबतीत तं आधीच गेली आहे."

ती हसली. हसताना खोकली नाही, हे मी नीट ऐकलं.

तेराव्या दिवशी दुपारच्या गाडीने ती आली. मी स्टँडवर गेलो होतो. पिशवी मी घेतली, जिना ती मध्ये एकदाच थांबून चढली. घरात शिरल्यावर तिने पाणी प्यायलं नाही, तोंड धुतलं नाही, सरळ रॅकपाशी गेली. सांभार चार बोटं उंच झाला होता, ट्रेच्या काठावरून बाहेर झुकत होता. तिने वाकून वास घेतला, एक पान तोडून तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावलं.

मग ती वळली आणि माझ्यापुढे तळहात पसरून उभी राहिली, खिडकीपाशी पाळी सुटलेला माणूस उभा राहतो तशी.

"आली मी वर," ती म्हणाली. "माहा बिल्ला द्या."

मी हुकावरून बिल्ला काढला आणि तिच्या हातावर ठेवला.